निअर मिस, महिन्याला दहा

५ ऑगस्ट

काल आमच्या खानदेशी देवीला, कानबाईला, तापीत निरोप दिला. बँडवाल्यांनी भेस्तानपासून असा धुमाकूळ घातला की आज मिलमध्ये मशीनचा आवाजही धड ऐकू येत नव्हता. त्यात साडेदहाला ऑफिसातून बोलावणं. मला वाटलं, काल आपली चौदा माणसं एकदम रजेवर गेली, त्याची झाडाझडती असणार. निघालं भलतंच.

पुढच्या महिन्यात परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट आहे. त्यासाठी शेठनी देसाईसाहेब नावाचे सेफ्टी कन्सल्टंट नेमले आहेत. साहेबांनी फळ्यावर इंग्रजीत दोन शब्द लिहिले, निअर मिस, आणि आम्हा सुपरवायझरांना अर्थ विचारला. सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. मग त्यांनीच सांगितलं. अपघात होऊ शकला असता, पण झाला नाही. कुणाला इजा नाही, कशाचं नुकसान नाही, त्याला निअर मिस म्हणायचं. प्रत्येक निअर मिस रजिस्टरात लिहायचा. मोठा अपघात येण्याआधी असे लहान लहान इशारे येत असतात. इशारा लिहिला, कारण शोधलं, दूर केलं की मोठा अपघात येतच नाही.

मला हे फार पटलं. इतका शहाणा शब्द पांडेसऱ्याच्या मिलवस्तीत आजवर कुणी आणला नव्हता. मी मान हलवत होतो ते साहेबांनी हेरलं असावं. "बोरसेभाई, तुम्ही डी.एड. आहात ना? तुमचे अर्धे कामगार खानदेशी. हा शब्द त्यांच्या डोक्यात उतरवायचा आणि रजिस्टर तुम्ही सांभाळायचं."

डी.एड. होऊन सतरा वर्षं झाली. शाळा मिळाली नाही, कापड रंगवण्याची मिल मिळाली. पण आज पहिल्यांदा त्या शिक्षणाला कुणीतरी हाक मारली. त्याच आनंदात येताना ही वही घेतली. रोजनिशी लिहीन, निदान ऑडिटपर्यंत.

७ ऑगस्ट

निअर मिसला मराठी शब्द सापडत नाही. ‘हुकलेला अपघात’ म्हटलं तर अपघात हुकल्याचं दुःख झाल्यासारखं वाटतं. ‘टळलेला’मध्ये कुणीतरी टाळला असं येतं, आणि इथे तर तो आपोआप टळलेला असतो. ‘संभाव्य दुर्घटना’ वाचून सुकलालनं विचारलं, "हाई कोनं नाव शे?"

सुकलाल म्हणजे माझ्या बायकोचा, जयश्रीचा, धाकटा भाऊ. सहा वर्षांपूर्वी मीच त्याला पारोळ्याहून आणून चार नंबरच्या जेटवर, म्हणजे कापड रंगवायच्या मशीनवर, लावला. लिहिता-वाचता फारसं येत नाही, पण रंगाला त्याच्यासारखा डोळा अख्ख्या डिपार्टमेंटमध्ये नाही. लॉटमधून सॅम्पल काढलं की लॅबच्या आधी तो सांगतो, "यामा काया जास्ती शे." काळा म्हणायला मी त्याला सहा वर्षं शिकवतोय, आमच्याकडे काळा तो कायाच.

शेवटी रात्रीच्या जेवणाला स्नेहाच म्हणाली, "पप्पा, सिंपल लिहा ना. थोडक्यात वाचणे." दहावीतली पोर, गुजराती शाळेत जाते, आणि बापाला मराठी शिकवते. पण शब्द चांगला आहे. बोर्ड रंगवायला दिला:

निअर मिस म्हणजे थोडक्यात वाचणे.
थोडक्यात वाचलात? बोरसेंना सांगा.

खाली ‘कुणाला इजा न होता’ एवढं घालायचं होतं. पण त्यानं ओळ लांबते आणि ठेका जातो, म्हणून गाळलं. वाचणे म्हटल्यावर ते आलंच की.

११ ऑगस्ट

चहाच्या सुट्टीत माझा पहिला तास झाला. जेट समजवायला मी कुकरचं उदाहरण घेतलं. "आपलं जेट म्हणजे मोठा कुकर. एकशेतीस डिग्री, आत प्रेशर. समजा, वाफ जिरायच्या आधी तुमच्या बायकोनं झाकण ओढलं आणि वाफ अंगावर न येता भिंतीवर गेली, तर तो निअर मिस." सगळे हसले. सुकलाल म्हणाला, "मंग जिजाजी, आमनं रोज व्हस ते काय?"

आणि मग धरणच फुटलं. वीस मिनिटांत चौदा प्रसंग! ट्रॉलीचं चाक निखळलं, पाय वाचला. साखळीची कडी तुटली, डोकं वाचलं. त्यातले सहा एकट्या चार नंबरचे: झाकण उघडलं आणि वाफ आली. मी भराभर लिहून घेतलं. माणसं एवढी आपणहून बोलतात हे पाहून मन भरून आलं. शिक्षकाला आणखी काय हवं असतं?

१२ ऑगस्ट

देसाईसाहेबांनी चौदाही परत केले. "बोरसेभाई, ह्या तर तक्रारी आहेत. निअर मिस असा पाहिजे की जो क्लोज होईल."

मग त्यांनी मला शब्दाचा खरा उपयोग समजावला. रजिस्टरात शेवटचा रकाना आहे, ‘कारवाई’. तिथे ‘क्लोज्ड’ लिहिता आलं पाहिजे. साखळी बदला लिहिलं तर साखळी येईपर्यंत तो रकाना उघडा राहतो, आणि ऑडिटरला उघडा रकाना दिसला की संपलं. दुसरं म्हणजे संख्या. डिपार्टमेंटला महिन्याला दहा. नऊ आले तर माणसं लपवतात असा अर्थ होतो. अकरा आले तर डिपार्टमेंट धोकादायक. "दस. बराबर दस."

पहिल्यांदा मला हे खटकलं, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. पण विचार केला, माणूस एवढा अनुभवी आहे. आणि वर्गातही आम्हाला शिकवलं होतंच की पाठाचं टाचण आधी नीट हवं, पाठ मागाहून.

१६ ऑगस्ट

ऑगस्टचे दहा पूर्ण. सगळे मीच रचले. खोटं म्हणवत नाही, कारण असं होऊ शकलं असतं. आणि होऊ शकलं असतं हीच तर निअर मिसची व्याख्या आहे. नमुन्यासाठी पाचवा इथे उतरवतो:

‘दोन नंबर मशीनजवळ सांडलेल्या पाण्यावरून कामगाराचा डावा पाय किंचित घसरला. त्याने प्रसंगावधान राखून कठड्याचा आधार घेतला. कारवाई: पाणी पुसले. क्लोज्ड.’

‘प्रसंगावधान राखून’ हे मला विशेष जमलंय. सातव्यात केळीचं साल घातलं होतं, पण मिलमध्ये केळी कुठून आली असं वाटून तिथे सुताचा गुंडा केला. साहेब वाचून म्हणाले, "बहु सरस." गंमत म्हणजे खरे प्रसंग लिहिताना हात अडखळत होता. हे कसे सरसर आले.

चार नंबरचं मात्र मी एकही लिहिलं नाही. त्याचं कारण आहे. जेटच्या झाकणाला कंपनीचं एक लॉक असतं. आत प्रेशर असेपर्यंत ते झाकण उघडू देत नाही. सगळं थंड झालं की हिरवा दिवा लागतो, मग उघडायचं. त्यात लॉटमागे वीस-पंचवीस मिनिटं जातात. गेल्या दिवाळीच्या घाईत मी मेंटेनन्सवाल्याला सांगून चार नंबरच्या लॉकची वायर परस्पर जोडून घेतली. आता दिवा कायम हिरवा. माणसं वाफेच्या आवाजावरून अंदाज घेतात आणि उघडतात. दिवाळीत आमचं डिपार्टमेंट सगळ्यांच्या पुढे होतं. शेठनी तेव्हा मला नावानं हाक मारली होती.

तेव्हा चार नंबरचं नाव रजिस्टरात आलं की कुणीतरी वायर बघणार. उगाच कशाला?

२० ऑगस्ट

आज सुकलाल सुट्टी झाल्यावर थेट घरी आला. उजव्या कानाची पाळी लाल झाली होती. जयश्रीनं खोबरेल लावलं. मी विचारलं तर म्हणाला, "झाकन उघाडं नि भपकन वाफ उनी. तमाकूनी पुडी खाले पडनी व्हती, ती उचलाले वाकनू म्हनीसन वाचनू." आणि हसला. मग म्हणाला, "जिजाजी, हाऊ तुमना निअर मिस शे ना? लिखी ल्या."

व्याख्येत इतका चपखल बसणारा प्रसंग मला अजून मिळाला नव्हता. पण कारवाईच्या रकान्यात काय लिहिणार? शिवाय ऑगस्टचे दहा भरलेत. तरी त्याचं मन मोडू नये म्हणून सप्टेंबरच्या पानावर आधीच एक टाकून ठेवला: ‘तीन नंबर मशीनजवळ जमिनीवर तंबाखूची पुडी आढळली. पाय घसरण्याचा संभव होता. कारवाई: पुडी उचलली. क्लोज्ड.’

त्याला सांगितलं, लिहिलं रे. तो खूश होऊन गेला. जयश्री माझ्याकडे बघत होती. तिला म्हटलं, काय झालं? ती म्हणाली, "काही नही," आणि तेलाची बाटली जागेवर ठेवली.

३ सप्टेंबर

ऑडिटच्या आधी साफसफाई चालू आहे. चार नंबरच्या पाइपला लाल नाडे बांधलेले आहेत. आपल्या लोकांची ही जुनी खोड. कुणी थोडक्यात वाचला की दुसऱ्या दिवशी देवीच्या फोटोसमोर नारळ फोडतो, खोबरं वाटतो आणि त्या मशीनला नाडा बांधतो. बाकीच्या मशीनना एखाददुसरा आहे. चार नंबरला अकरा.

देसाईसाहेब म्हणाले, "ये अंधश्रद्धा निकालो, फॉरेनवाला क्या सोचेगा." मी स्वतः कात्री घेऊन चढलो. खाली माणसं जमली होती. सुकलाल म्हणाला, "त्यामाना दोन मना शेतस." मी म्हटलं, अरे, आता शास्त्रशुद्ध रजिस्टर आलंय, नाड्यांचं काय काम?

नाडे टाकून द्यायला मात्र हात धजला नाही. खिशात घालून आणले आणि या वहीच्या मागच्या पानात ठेवले. खुणेला बरे पडतात.

१२ सप्टेंबर

ऑडिट झालं! मुंबईहून ऑडिटर प्रियांका मॅडम आल्या होत्या. मला वाटलं होतं इंग्रजीत विचारतील आणि देसाईसाहेब उत्तरं देतील. बाई शुद्ध मराठीत बोलायला लागल्या. आता उत्तरं मलाच द्यावी लागणार होती. पण रजिस्टर उघडल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "अक्षर सुंदर आहे. आणि भाषा किती छान! इतकं तपशीलवार मी कुठेच पाहिलं नाही." पाचवा निअर मिस त्यांनी मोठ्यानं वाचला. ‘प्रसंगावधान राखून’ला मान डोलावली.

मग त्यांनी बोट ठेवलं. "डिपार्टमेंटमध्ये सहा मशीन. पाचांचे निअर मिस आहेत. चार नंबरचा एकही नाही?"

मी म्हटलं, "मॅडम, चार नंबरला तसं काही होत नाही."

त्या स्वतः जाऊन बघून आल्या. मशीन झाडून-पुसून लख्ख, पाइप चकचकीत, दिवा हिरवा. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. संध्याकाळी कळलं, चार नंबरला ‘मॉडेल मशीन’ म्हणून शेरा मिळालाय.

१५ सप्टेंबर

चार नंबरवर पत्र्याची पाटी लागली: मॉडेल मशीन. शेठ येऊन बघून गेले. सगळ्यात चांगलं मशीन आहे तर नवरात्र-दिवाळीचा सगळा तातडीचा माल इथेच काढा, असं सांगून गेले. सुकलालला म्हटलं, बघ, तुझं मशीन पहिलं आलं. त्यानं पाटीला हात लावून पाहिला.

१९ सप्टेंबर

उत्कृष्ट रजिस्टरबद्दल मला बक्षीस मिळालं. पाच लिटरचा कुकर. शेठच्या हातून, सगळ्यांसमोर. फोटो काढला.

जयश्रीनं लगेच तूरडाळ लावली. मला भूक लागली होती. दोन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद झाला. मी जाऊन झाकण ओढलं तर हलेना. जोर लावला, हलेना. जयश्री मागून म्हणाली, "वाफ शे तोवर उघडस नही ते. कितलाबी जोर लावा."

"आपला जुना तर उघडायचा."

"जुनानी गोट येगळी. बाया घाई करतस हे त्यासले माहीत शे, म्हनीसन झाकनच आसं करं."

मला हसू आलं. कंपनीचा बायकांवर इतकाही भरवसा नसावा! ती हसली नाही. म्हणाली, "सुकलालना मशीनले आसं झाकन नही का?"

मी म्हटलं, आहे ना. कंपनीनंच दिलेलं असतं.

"मंग त्याना कान कसा भाजना?"

डाळ छान झाली होती. पण मला जेवण गेलं नाही. नवा कुकर, धातूचा वास येत असेल.

२३ सप्टेंबर

कुकरचं ते बोलणं डोक्यातून जात नाही. आज मेंटेनन्सवाल्याला सहज विचारलं, चार नंबरची वायर काढायला किती वेळ लागेल? म्हणाला, दहा मिनिटं. मग म्हणाला, पण मॉडेल मशीन आहे साहेब, लॉट मागे पडले तर काय सांगणार? तेही खरंच. तातडीचा माल आहे. दसऱ्याला मशीनची पूजा असते, मिल तशीही बंद. तेव्हा निवांत काढून टाकू. नऊच दिवस आहेत.

२७ सप्टेंबर

सुकलाल दवाखान्यात आहे.

२८ सप्टेंबर

काल दुपारी सव्वातीनला. राणी रंगाचा लॉट. गरब्याचा माल, ट्रक गेटवर उभा होता. मी स्वतः दोनदा सांगून आलो होतो, सुकलाल, आवर. त्यानं वर बघितलं, दिवा हिरवा होता. झाकण उघडलं.

मान, उजवा खांदा, उजवा गाल. आणि उजवा डोळा. डॉक्टर म्हणाले, जीवाला धोका नाही. डोळ्याचं आठवड्यानं पट्टी काढल्यावर कळेल.

त्याला उचलून रिक्षात घातला तेव्हा तो विचारत होता, "शेड बराबर उनी का?"

२९ सप्टेंबर

देसाईसाहेबांनी बोलावलं. पाणी दिलं, खुर्ची दिली. म्हणाले, "बहु खराब थयुं." मग म्हणाले, अपघाताच्या रजिस्टरात लिहिलं तर चौकशी येते, सर्टिफिकेट जातं, माल परत येतो, आणि मिलच बंद पडली तर सगळ्या खानदेशी माणसांचं काय? दवाखान्याचं सगळं शेठ बघतील. तुम्ही फक्त हे निअर मिसमध्ये घ्या.

मी म्हटलं, "साहेब, त्याला इजा झालीय. तुम्हीच म्हणाला होता, कुणाला इजा नसेल तरच."

साहेबांनी खिडकीकडे हात केला. समोर माझा बोर्ड दिसत होता. "थोडक्यात वाचणे. तुमच्याच भाषेत लिहिलंय. वाचला ना तो? मरू शकत होता, मेला नाही. निअर मिस. लखी नाखो, बोरसेभाई. तसेही सप्टेंबरचे नऊच झालेत."

मी मोजले. खरंच नऊ होते.

३० सप्टेंबर

दवाखान्यात गेलो. सुकलालची बायको, वर्षा, गावाहून आली आहे. ती काही विचारत नाही, नुसती माझ्यासाठी स्टूल पुसते. मी थोरला पाहुणा, घरचा जावई ना.

सुकलालला बोलायला त्रास होतो. तरी बोलला. "जिजाजी, मनंच चुकनं. नाडा कापाई गया व्हता, दुसरा बांधनार व्हतू. तुम्ही रागे भरशात म्हनीसन बांधा नही. देवीले राग उना."

त्याला खरंच असं वाटतं की नाडा नव्हता म्हणून वाफ आली. आणि इथे मी खरं लिहितो, कारण ही वही कुणी वाचणार नाही: ते ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. त्यानं देवीवर घातलं, स्वतःवर घातलं. माझ्यावर घातलं नाही. मी त्याचा हात धरून म्हटलं, असू दे, असू दे. जणू मीच त्याला माफ करत होतो.

घरी आलो. जयश्री तीन दिवस बोलली नव्हती. आज तिनं एकच विचारलं. "तुमले माहीत व्हतं?"

मला कितीतरी उत्तरं येत होती. शुद्ध मराठीत येत होती. ती आत गेली. सत्तावीस तारखेपासून नवा कुकर फडताळावर आहे. ती डाळ जुन्या पातेल्यात शिजवते.

नंतर ही वही पहिल्यापासून वाचली. अकरा ऑगस्ट. सोळा ऑगस्ट. वीस ऑगस्ट. तेवीस सप्टेंबर. मिलचं रजिस्टर ऑफिसात आहे आणि खरे प्रसंग सगळे इथे आहेत, माझ्याच अक्षरात. चारही इशारे मी नीट लिहून ठेवले, एकही ओळखला नाही. मला स्वतःची किळस आली.

१ ऑक्टोबर

सकाळी नाडे खिशात घालून गेलो. चहाच्या सुट्टीत टेबलावर मांडले आणि म्हटलं, ज्याचा त्यानं ओळखा. मला वाटलं होतं लाल नाडे सगळे सारखेच, कोण ओळखणार? रंगारी माणसं ती. हा फिका पडलाय, हा होळीच्या आधीचा. याला हळद लागलीय, हा माझा. काशिनाथनं दोन उचलले, गोपालनं तीन, बाकीच्यांनी चार. प्रत्येकानं दिवस सांगितला, वेळ सांगितली, कुठे उभा होता ते सांगितलं. अकरापैकी एकही गेल्या दिवाळीआधीचा नव्हता. दोन नाडे टेबलावर उरले. ते कुणाचे हे मला माहीत होतं. मी ते मनगटाला बांधले.

मग निअर मिसचं रजिस्टर काढलं. अकरा प्रसंग लिहिले. ‘प्रसंगावधान’ कुठेच आलं नाही. कारणाच्या रकान्यात अकरा वेळा एकच वाक्य: झाकणाच्या लॉकची वायर जोडलेली. जोडायला सांगणारा, योगराज बोरसे. कारवाईचा रकाना कोरा ठेवला. त्यानंतर अपघाताचं रजिस्टर मागून घेतलं. त्याच्यावर धूळ होती. पहिलंच पान कोरं. तिथे सत्तावीस तारीख लिहिली, सुकलालचं नाव लिहिलं, तेच कारण लिहिलं, सही केली. दोन्ही पानांचे फोटो काढले. घरी आल्यावर ते प्रियांका मॅडमना पाठवायला स्नेहानं मदत केली. तिनं विचारलं, "पप्पा, आता तुम्हाला काढणार?" मी म्हटलं, माहीत नाही.

मिलमधून निघण्याआधी मेंटेनन्सवाल्याला बोलावून वायर काढायला लावली होती. सात मिनिटं लागली. दिवा लाल झाला. माणसं गोळा झाली. काशिनाथ म्हणाला, "बिघडनं का मशीन?"

३ ऑक्टोबर

दसरा झाला. सगळ्या मशीनना झेंडू होते. चार नंबरलाही होता, पण पाटी काढून नेली.

आज देसाईसाहेबांनी बोलावलं. मला वाटलं चिडतील. ते चिडले नव्हते, थकले होते. दोन्ही रजिस्टरं पुढे होती. मॅडमचा फोन येऊन गेला होता, पुन्हा ऑडिट. शेठनी मला सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगायला लावलंय. तेही सांगून झालं. मी उठलो, तेव्हा साहेब पानाकडे बघत हळहळले. "नऊ आणि अकरा, वीस. बोरसेभाई, तुम्हाला दहा सांगितले होते."

४ ऑक्टोबर

सुकलालची पट्टी काढली. मी, जयश्री आणि वर्षा. काल संध्याकाळी मी जयश्रीला वायरचं सगळं सांगितलं होतं, दिवाळीपासूनचं. तिनं ऐकून घेतलं. दवाखान्यात येताना ती रिक्षात माझ्या शेजारी बसली, एवढंच.

सुकलाललाही आज सांगायचं होतं. वाक्य ठरवून आलो होतो: नाड्यामुळे नाही रे, माझ्यामुळे.

डॉक्टरांनी त्याचा डावा डोळा कापसानं झाकला आणि उजवा हळूच उघडायला सांगितला. विचारलं, काय दिसतंय? तो म्हणाला, धुकं. बोटं किती? तीन होती, त्यानं दोन सांगितली. डॉक्टर म्हणाले, पडदा आला आहे, काही दिवसांनी ऑपरेशन करून बघता येईल, पण पहिल्यासारखी नजर येईल असं मी सांगत नाही. मग आम्हाला धीर यावा म्हणून असेल, म्हणाले, "तसा थोडक्यात वाचला हो."

मी पुढे झालो आणि सुकलालचा हात हातात घेतला. लाल नाडे बांधलेलं माझं मनगट त्याच्या तोंडाजवळ आलं. तो मान वाकडी करून त्या एका डोळ्यानं बराच वेळ बघत राहिला, सॅम्पल बघायचा तसा.

म्हणाला, "जिजाजी, काया नाडा कसाले बांधा?"